तीनशे पंचवीस डॉलरची ॲक्शन

कोल्टर क्रीक, मोंटाना
९ जानेवारी २०२३

एल्डन,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा शेवटी देईन, आधी माझं रडगाणं ऐक. फोनच करणार होते, पण जन्मभर बंदुका उडवून तुझे कान गेलेत. तुझं "काय? काय?" ऐकण्यापेक्षा पत्र बरं.

माझ्या रायफलीची ॲक्शन गेली. नळी धड आहे, दस्ता धड आहे, खटका धड आहे, आणि ज्यात बोल्ट मागे-पुढे सरकून गोळी कोंडतो, नेमका तो मधला गाभा मेला. शनिवारी बोल्ट मागे ओढताना खर्रकन आवाज आला. काढून बघते तर बोल्ट अडकवून धरणारा एक कान मुळापासून तडकलेला. बनवणारा म्हातारा वारला, पोरांनी कारखाना विकून टाकला, सुटे भाग कुणाकडेच मिळत नाहीत.

नवी घ्यावी म्हणून चौकशी केली आणि डोळे पांढरे झाले. गेल्या वसंतात साडेबाराशे डॉलरला होती ती ॲक्शन आता अठराशे पंचाहत्तर! तीही चौदा महिन्यांनी हातात येणार. का वाढवली म्हणून विचारलं तर म्हणतात, पोलाद महागलं. अरे, पोलाद महागलं म्हणून इतकं? सोन्याची घडवतात की काय?

आणि वेळ बघ कशी आली. ऑगस्टमध्ये पेन्सिल्व्हेनियात राष्ट्रीय सामना आहे, हजार यार्डांचा. आमच्या क्लबातून चौघं जाणार. निवड जूनच्या पहिल्या शनिवारी, पाच गोळ्या, ज्यांची भोकं एकमेकांच्या सगळ्यात जवळ ते चौघं. पाच वर्षं मी राखीव म्हणून बसलेय, एल्डन. पाच वर्षं! मी अठ्ठावन्न वर्षांची झाले, डोळे अजून किती साथ देतील कोण जाणे. या वर्षी मला जायचंच आहे. कर्टिस व्हँडेव्हन, आमचा दंतवैद्य, टीमचा कप्तान, काल सगळ्यांसमोर म्हणाला, "मार्लिस, धड रायफल नसेल तर उगाच जागा अडवू नकोस." त्याच्या स्वतःच्या रायफलीवर दोन हजारांची ॲक्शन आहे. दात उपटून घेतलेली.

म्हणून ऐक. गावातल्या गहाणवटीच्या दुकानात हरणाच्या शिकारीची एक जुनी बंदूक आहे, कारखान्याची, १९६८ची. तीनशे पंचवीस सांगतोय. तिची ॲक्शन तू सरळ करून दे, पूर्वी करायचास तशी. शाळेची बस चालवणाऱ्या बाईला यापलीकडे झेपत नाही.

तुझ्या भावाने मला सोडलं तेव्हा वाटणीत दोनच गोष्टी मिळाल्या, एक गळका ट्रक आणि एक दीर. ट्रक कधीच भंगारात गेला.

नव्या वर्षाच्या शुभेच्छा.
मार्लिस


बीच फोर्क, वेस्ट व्हर्जिनिया
२१ जानेवारी

प्रिय मार्लिस,

पत्र मिळालं. जमणार नाही.

ते काम आता कुणी करत नाही. कारखान्याची ॲक्शन घ्यायची, नळी टेकते ते तोंड घासून सरळ करायचं, आटे पुन्हा कापायचे, कान बसवायचे. त्यात जेवढा वेळ आणि पैसा जातो त्यात लोक तयार माल घेतात. हल्ली चार-पाच नवे कारखाने निघालेत, नऊशे-हजारात बरी ॲक्शन देतात. दिसायला साधी, पण सरळ असते. त्यातली एक घे. सोबत तीन नावं लिहिली आहेत.

दुकान मी जवळजवळ बंदच केलंय. गिऱ्हाईकही येत नाही.

इथे बर्फ फार. तुझी बस नीट चालव.

एल्डन


कोल्टर क्रीक
२ फेब्रुवारी

एल्डन,

तुझ्या तिन्ही ठिकाणी फोन केले. पहिल्याने नऊशेचे अकराशे चाळीस केलेत. दुसऱ्याने नवीन नोंदणीच थांबवलीय. तिसऱ्याकडची मुलगी इतकी गोड बोलली, इतकी गोड बोलली, आणि शेवटी म्हणाली, "सप्टेंबरमध्ये नक्की मिळेल, मॅडम." सप्टेंबरमध्ये मी काय तिचं लोणचं घालू?

पण खरा राग तुझा आलाय. एकोणीस वर्षांत तू मला पहिल्यांदा नाही म्हणालास. तेही चार ओळींत! रायफल खांद्याला कशी लावायची हे मला कुणी शिकवलं? तुझ्या भावाने नव्हे. आता सरळ सांग ना, की मार्लिस, तुझ्याने होणार नाही, तू त्या चौघांत कधीच बसणार नाहीस, कशाला माझा वेळ घालवू. कर्टिस निदान तोंडावर बोलतो.

असो. बंदूक मी घेतली. ॲक्शन, माझी जुनी नळी आणि दस्ता पेटीत घालून तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर रवाना केलंय. परत पाठवायचं असेल तर पाठव, टपालखर्च तुझा.

मार्लिस


बीच फोर्क
१५ फेब्रुवारी

मार्लिस,

पेटी आली. तू अजून तशीच हट्टी आहेस.

एक गोष्ट लपवली होती, ती आता सांगतो. तू भलताच अर्थ काढला आहेस आणि तो माझ्याच्याने सहन होत नाही. तू त्या चौघांत बसणार नाहीस असं मला कधीच वाटलं नाही. उलट आहे.

माझा उजवा हात थरथरतो. दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतो वयाचं आहे, जीवघेणं काही नाही. कॉफी सांडते, सही वाकडी येते, हे पत्रही मी मनगट डाव्या हाताने दाबून लिहितोय. गेल्याच्या आदल्या वर्षी एका माणसाने वडिलांच्या बंदुकीची ॲक्शन माझ्याकडे दिली होती. आटे कापताना हात उडाला, हत्यार खोल गेलं. पंचेचाळीस वर्षांत मी एकही ॲक्शन वाया घालवली नव्हती. ती घालवली. तो बिचारा ती तशीच घेऊन गेला. त्या दिवसापासून लेथवर चादर टाकलीय. कुणाला सांगितलं नाही. गिऱ्हाईक येत नाही असं लिहिलं होतं, तेही खोटं. मीच परत पाठवतो.

तुझी ॲक्शन फक्त मोजून पाहिली, राहवलं नाही. तोंड वाकडं आहे. बोल्टच्या दोन कानांपैकी एकच टेकतो, दुसरा नुसताच हवेत. अशाने गोळी हजार यार्डांवर कुठे जाईल ते देवालाच ठाऊक. पण पोलाद सुरेख आहे. त्या काळी घाई कमी होती.

मी हात लावणार नाही. माफ कर.

एल्डन


कोल्टर क्रीक
२४ फेब्रुवारी

एल्डन,

तुझं पत्र बसमध्येच वाचलं, मुलं उतरल्यावर. खूप वाईट वाटलं. आणि मग खूप राग आला, कारण दोन वर्षं तू हे एकट्याने गिळून बसलास. मी काय मेले होते?

आता माझं ऐक. रोज सकाळी उणे वीसमध्ये मी बेचाळीस मुलांना घेऊन घाटातून उतरते. बोटं बधिर असतात, स्टिअरिंग थडथडत असतं. जो ड्रायव्हर ते घट्ट धरतो तो गेलाच. मी कोपर मांडीवर टेकवते, हात सैल सोडते आणि थोडं थोडं वळवते. अकरा वर्षांत एक आरसासुद्धा फुटलेला नाही.

तुझ्या लेथवर हत्यार तुझ्या हातात नसतं ना? ते यंत्रात आवळलेलं असतं. तुला फक्त चाक फिरवायचं. मग चाकाला एक लांब दांडी लाव, कोपर टेकव, आणि एका दमात जेवढं कापायचास ते वीस दमांत काप. घाई कुणाला आहे? निवड जूनमध्ये आहे.

आणि बिघडली तर बिघडली. ती कुणाच्या वडिलांची आठवण नाही. गहाणवटीच्या दुकानातला जुना लोखंडाचा तुकडा आहे, तीनशे पंचवीसचा. फार तर मी तिला मांजराच्या भांड्याखाली ठेवीन. पण तू हात न लावता परत पाठवलीस तर मात्र जन्मात बोलणार नाही.

चादर काढ.

मार्लिस


बीच फोर्क
१९ एप्रिल

मार्लिस,

दोन महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही आहे की नाही तेच कळत नव्हतं.

आता आहे. झाली.

दांडीची युक्ती चालली. कुऱ्हाडीचा जुना दांडा कापून चाकाला बसवला. दांडा लांब, त्यामुळे हात थरथरला तरी चाकापर्यंत पोचेतो त्याचं काही उरत नाही. जे काम मी पूर्वी एका दिवसात उरकायचो त्याला सहा आठवडे लागले. सकाळी दोन तास, हात चांगला असतो तेवढंच. तोंड काटकोनात आलं. आटे पुन्हा कापले. आटे कापायच्या दिवशी मी चार वेळा यंत्र बंद करून बाहेर जाऊन उभा राहिलो, कबूल करतो. दोन्ही कान आता बरोबरीने टेकतात. काजळी लावून पाहिलं, दोन्हीकडे सारखी पुसली जाते.

मग वरून ॲल्युमिनियमचं जाड नळकांडं चढवून चिकटवलंय, आम्ही जुने लोक करायचो तसं. ॲक्शन लवत नाही. त्यामुळे कारखान्याचा छाप झाकला गेलाय, पण बंदुकीचा क्रमांक दिसायलाच हवा, तो कायदा आहे. म्हणून डाव्या अंगाला छोटी खिडकी ठेवलीय. ती दस्त्याच्या काठाखाली येते, दस्ता काढला की दिसते. तुझी जुनी नळी हिला बसवली.

पैसे पाठवू नकोस. पाठवलेस तर जाळून टाकीन.

पेटी आजच रवाना करतोय. बोल्ट एकदा बंद करून बघ आणि मला लिही.

एल्डन


कोल्टर क्रीक
८ मे

एल्डन, एल्डन, एल्डन!

बोल्ट बंद केला आणि अंगावर काटा आला. बंद झाल्याचं कळतसुद्धा नाही रे! नव्या फ्रिजचं दारसुद्धा इतकं अलगद लागत नाही.

रविवारी मैदानावर नेली. वारा होता, तरी पाच गोळ्या सहा इंचांत. हजार यार्डांवर! जमले सगळे भोवती. त्या चंदेरी नळकांड्याकडे बघत कर्टिस म्हणाला, "ही कुणाची ॲक्शन? कधी पाहिली नाही."

मी म्हटलं, "वेस्ट व्हर्जिनियात एक जण आहे. फार थोड्या करतो."

"वेबसाइट आहे?"

"छे! त्याला फोनसुद्धा ऐकू येत नाही."

"किंमत काय?"

"तुला नाही परवडणार, कर्टिस."

त्याचा चेहरा तू बघायला हवा होतास. आता चार जण माझ्या मागे लागलेत पत्ता दे म्हणून. दोन हजारांच्या वरची असणार अशी पैज लागलीय. मी गप्प, नुसती कॉफी पिते.

मार्लिस


बीच फोर्क
१७ मे

मार्लिस,

हे मला आवडलं नाही. तू खोटं बोलली नाहीस, पण लोकांना खोट्यावर विश्वास ठेवू दिलास. उद्या रायफल उघडली आणि आत हरणाची बंदूक निघाली की हसं तुझं होईल आणि माझंही. मी माझ्या कामावर कधी पांघरूण घातलं नाही. त्यांना सांगून टाक.

सहा इंच चांगले आहेत. श्वास सोडल्यावर घाई करतेस, ती करू नकोस.

एल्डन


कोल्टर क्रीक
४ जून

एल्डन,

सांगितलं नाही. तुझंच बरोबर होतं, आणि ते मला कसं भोवलं ते ऐक.

काल निवड होती. मी सातव्या टेबलावर, कर्टिस शेजारी सहाव्यावर. सकाळी नऊची पाळी. पाच गोळ्या सोडल्या, पाचही बऱ्या वाटल्या. मग खालून कागद आले आणि भिंतीवर टांगले. माझ्या कागदावर भोकं सहा!

पाच गोळ्यांना सहा भोकं. पाच भोकं साडेपाच इंचांत, सहावं चौदा इंच लांब. कुणीतरी चुकून माझ्या कागदावर मारलं होतं. तुला माहीत आहेच, हजार यार्डांवरून दुर्बिणीत शेजारचा कागद आपला वाटायला वेळ लागत नाही. आणि कर्टिसच्या कागदावर भोकं चार!

मी म्हटलं, "कर्टिस, तुझी एक माझ्याकडे पाहुणी आलीय."

तो म्हणाला, "माझ्या दोन एकाच भोकातून गेल्या."

सगळे हसले. हजार यार्डांवर दोन एकाच भोकातून! पण तो हटेना. त्याचंही खरं आहे, कबूल केलं की नियमाप्रमाणे तो बाद. आणि कुणी कबूल झालं नाही तर आमचा नियम असा, की सगळ्यात लांबचं भोक कागदाच्या मालकाचं धरायचं. म्हणजे मी बाद.

मी भांडायला उभी राहिले तर कर्टिसचा मित्र म्हणाला, आधी हिची रायफल तपासा. रायफली तोलतात त्या वजनाच्या खोलीत नेली. बोल्ट काढला, दस्ता काढला आणि ती तुझी खिडकी दिसली. कुणीतरी क्रमांक वाचला, कुणीतरी बोल्टची मूठ ओळखली, आणि ओरडला, "अरे, ही तर हरणाची बंदूक! पन्नास वर्षं जुनी!"

काय हसले, एल्डन. महिनाभर जे माझ्यामागे पत्ता मागत फिरत होते तेच पोट धरून हसत होते. आणि मग म्हणाले, झालं, उलगडा झाला. जवळच्या पाचांतलं एखादं दुसऱ्या कुणाचं असेल, लांब उडालं ते या खटाऱ्याचं. कानशिलं तापली माझी. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी. सहा आठवडे तू कोपर टेकवून कापलंस त्याला ते खटारा म्हणत होते.

मी आवाज चढवून म्हटलं, "हो, हरणाची बंदूक आहे. तीनशे पंचवीसला घेतली. सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, ती माझी चूक. पण ती एल्डन क्रॅबट्रीने सरळ केलीय, आणि ते चौदा इंचांवरचं भोक तिचं नाही. मला पुन्हा मारू द्या. सगळ्यांनी मागे उभं राहून मोजा."

गुण मोजणारी बर्निस, ऐंशीची आहे, क्लबाची अध्यक्ष तीच. ती म्हणाली, "दोन वाजता. वारा असेल तसा."

दुपारी दोनचा आमच्याकडचा वारा तुला ठाऊक आहे. झेंडे एक इकडे तर एक तिकडे. अख्खा क्लब माझ्या मागे उभा. मी कोपर टेकवलं. मधला झेंडा खाली पडायची वाट बघितली. चार मिनिटं गेली, पाच गेली. कुणीतरी कुजबुजलं, "मारत का नाही?" मग झेंडा पडला आणि मी पाचही सोडल्या, एकामागून एक, बोल्ट लोण्यासारखा चाललेला. श्वास सोडल्यावर घाई केली नाही.

कागद वर आला. बर्निसने मोजलं. चष्मा पुसला आणि पुन्हा मोजलं.

"सव्वाचार इंच."

दिवसभरातलं सगळ्यात लहान, एल्डन! क्लबाच्या गेल्या सात वर्षांतलं सगळ्यात लहान! मी टेबलावर डोकं ठेवून रडले, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

कुणी हसत नव्हतं. कर्टिस भिंतीपाशी गेला, आपल्या कागदावरची चार भोकं बघत उभा राहिला, आणि वळून म्हणाला, "बर्निस, सकाळचं ते भोक माझं. चौथी गोळी सोडली तेव्हाच मला शंका आली होती." म्हणजे तो बाद. कप्तान बाद! उशिरा का होईना, बोलला. सगळ्यांदेखत बोलायला छाती लागते, ती त्याने दाखवली. मी जाऊन त्याच्याशी हात मिळवला.

मी टीममध्ये आहे. पहिल्या क्रमांकाने.

मार्लिस


बीच फोर्क
२० जून

प्रिय मार्लिस,

पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं, त्याने मागितलं नव्हतं तरी.

सव्वाचार इंच. बरं आहे.

नाही, बरं नाही. फार फार मोठं आहे. मला इतका आनंद झालाय की काय लिहू कळत नाही. मला वाटलं होतं माझं संपलं.

दहा दिवसांपूर्वी टपालवाला तीन पेट्या टाकून गेला. तिन्ही मोंटानाहून, तिन्हींत जुन्या ॲक्शन. एकीत कर्टिसची चिठ्ठी. आजोबांची बंदूक आहे, म्हणतो, वेळ लागला तरी चालेल, नवी घ्यायची नाही. मी त्याला लिहिलं की माझा हात थरथरतो, मंजूर असेल तरच ठेवतो. आज त्याचं उत्तर आलं. त्यात लिहिलंय, "मार्लिसने सांगितलं. मंजूर."

ऑगस्टमध्ये यायचं फार मनात आहे, गाडीने पाच तासांचा तर रस्ता. पण काम पडलंय. किती दिवसांनी हे वाक्य लिहितोय.

एल्डन


सामन्याचं मैदान, पेन्सिल्व्हेनिया
१३ ऑगस्ट

एल्डन,

सव्वीस संघ होते. आपण दुसरे! पहिले पेन्सिल्व्हेनियाचे, ते घरच्याच मैदानावर, त्यांना तिथल्या वाऱ्याची नस माहीत. पण शनिवारच्या फेरीत सगळ्या मैदानातले सगळ्यात जवळजवळची पाच भोकं माझी होती. चार पूर्णांक एक दशांश इंच. बर्निस इतकी ओरडली की तिच्या दातांची कवळी सुटली.

आता खरी गोष्ट सांगते. सामना संपला की इथे प्रत्येक विजेत्याकडून एक तक्ता भरून घेतात, निकालासोबत छापायला. नळी कुणाची, दस्ता कुणाचा, दुर्बीण कुणाची, ॲक्शन कुणाची. देशभरचे नेमबाज तो तक्ता निकालाच्याही आधी वाचतात आणि तो बघूनच पुढची खरेदी करतात. ॲक्शनच्या रकान्यात सगळीकडे तीच चार-पाच मोठी नावं होती, दोन-दोन हजारांची.

मी माझ्या रकान्यात लिहिलं: एल्डन क्रॅबट्री.

तक्ता घेणारा तरुण होता, नीटनेटका. वर-खाली बघितलं त्याने. "मॅडम, या नावाची कंपनी आमच्या यादीत नाही."

"कंपनी नाही. माणूस आहे."

"पण तपासणीत नोंद आहे, की ॲक्शन जुन्या कारखान्याची आहे."

"कारखान्याने लोखंड दिलं. त्याची ॲक्शन एल्डनने केली."

"पण यादीत..."

मागे आमची बर्निस उभी होती, तिच्यामागे टीममधले तिघं. आणि या वेळी स्वखर्चाने आलेला आमचा दंतवैद्यही. तो पुढे झाला, टेबलावर दोन्ही हात टेकले आणि म्हणाला, "मग यादीत घाला."

तरुणाने आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. मग यादी पुढे ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि सगळ्यात खाली तुझं नाव घातलं.

मार्लिस